विमान उतरल्यानंतरचा प्रवास

‘विमानाने जाणाऱ्या मनुष्यास टॅक्सीच्या भाड्याची चिंता ती कसली?’ हा प्रश्न आमच्या सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत इतक्या सहजपणे विचारला जातो, आणि विचारणाराची मुद्रा त्या वेळी अशी विजयी असते, की त्याला उत्तर देणे हाच एक असभ्यपणा वाटावा. मुंबईच्या विमानतळावरून शहरात येण्याजाण्याच्या सोयीचा विषय निघाला की हा प्रश्न यावयाचाच. त्याच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे. विमान ही श्रीमंतांची वस्तू; श्रीमंतांजवळ मोटार असते, निदान ती भाड्याने घेण्याची ऐपत असते; सबब विमानतळाच्या दारापर्यंत मोटारीचा रस्ता नेऊन सोडला की सार्वजनिक कर्तव्य संपले. ह्या अनुमानाचा एकही अवयव धड नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि तो धड नसूनही मुंबईचे विमानतळ आजवर त्याच्याच पायावर उभारले गेले, ही गोष्ट बैठकीतल्या वादापेक्षा पुष्कळच गंभीर आहे.

प्रथम माणसे पाहू. २०२४-२५ ह्या वर्षात सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावरून सुमारे साडेपाच कोटी उतारूंची ये-जा झाली. म्हणजे दिवसास दीड लाख. मुंबई कितीही लक्ष्मीचे माहेर असली, तरी रोज दीड लाख धनिक तिच्या दारातून आत-बाहेर करतात असे मानावयास फार मोठी श्रद्धा लागेल. २००३ साली आपल्या देशात स्वस्त दराची विमानसेवा सुरू झाली, आणि तेव्हापासून ह्या गर्दीचा चेहरामोहराच पालटून गेला. तीत संगमेश्वर-राजापूरकडून आखाती देशांत कामाला निघालेला तरुण असतो. त्याच्या तिकिटाचे पैसे बहुधा बापाने उसनवार करून उभे केलेले असतात. परदेशी इस्पितळात नोकरी लागलेली परिचारिका असते. मुलाला अमेरिकेत शिकविण्यासाठी घर गहाण टाकलेले आईबाप असतात. सुनेच्या बाळंतपणासाठी आयुष्यात प्रथमच विमानाची पायरी चढणारी, आणि दोन भल्यामोठ्या बॅगांत मेतकूट, लोणचे, डिंकाचे लाडू कोंबून निघालेली सासूबाई असते. ह्या सर्वांनी वर्ष वर्ष काटकसर करून तिकीट काढलेले असते. तिकिटाला पैसे लागले म्हणून टॅक्सीलाही उरले असतील, हे तर्कशास्त्र ज्याने घरखर्चाची वही कधी लिहिली नाही त्यालाच सुचावे.

परंतु ह्या दीड लाखांत ज्यांची गणतीच होत नाही असा आणखी एक वर्ग आहे. सामान चढविणारे, फरशी पुसणारे, उपाहारगृहात भांडी घासणारे, दारावर पहारा करणारे, तिकिटे तपासणारी तरुण मुले-मुली, यंत्रे दुरुस्त करणारे कामगार, ह्यांना महिन्यातून पंचवीस दिवस तेथे जावे लागते आणि पंचवीस दिवस परत यावे लागते. पाळ्या अशा, की कोणी पहाटे चारला हजर व्हावयाचा, कोणी रात्री बाराला सुटावयाचा. विमानतळावर सर्वांत अधिक वेळा जाणारा मनुष्य हा विमानाने जाणारा नसतोच. त्याला टॅक्सीच्या भाड्याची चिंता कसली, असे त्याच्या तोंडावर विचारण्याचे धैर्य आमच्यापैकी किती जणांस होईल?

आता मुंबईच्या नकाशाकडे पाहावे. जगातील कित्येक शहरांना विमानतळापर्यंत रूळ नेण्यासाठी डोंगर फोडावे लागले, खाड्या बुजवाव्या लागल्या. मुंबईवर नियतीची कृपा अशी, की येथे विमानतळाच्या पश्चिमेस सांताक्रूझ व विलेपार्ले, आणि पूर्वेस कुर्ला व घाटकोपर अशी स्थानके कोसा-दीड कोसाच्या अंतरावर आधीच उभी होती. भारतातील सर्वांत वर्दळीच्या आगगाड्या विमानतळाच्या दोन्ही अंगांनी धावत होत्या, आणि विमानतळावर उतरलेला मनुष्य त्यांपैकी एकीतही पाऊल न टाकता घामाघूम होऊन मोटारींच्या रांगेत उभा होता. हा देखावा स्वातंत्र्याच्या काळापासून २०२४ पर्यंत चालू राहिला. पार्ल्याच्या स्थानकापासून देशी विमानांच्या इमारतीपर्यंत धडधाकट मनुष्य अर्ध्या तासात चालत जाईल; पण मध्ये द्रुतगती मार्ग आडवा पडलेला आहे, आणि हातात सामान घेऊन पायी ओलांडावा असा तो रस्ता नव्हे.

२०१४ साली मुंबईची पहिली मेट्रो वर्सोवा ते घाटकोपर अशी सुरू झाली, तेव्हा तिच्या एका स्थानकाचे नाव ‘एअरपोर्ट रोड’ असे ठेवण्यात आले. नाव वाचून तेथे उतरणाऱ्या परक्या मनुष्यास विमानतळ दिसत नाही. त्यास दिसते ती अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील वाहनांची दाटी, आणि पुढे पुन्हा रिक्षा. नावे देण्यात आम्ही नेहमीच उदार आहोत. (ही रिक्षा तरी त्यास शहराच्या मध्यभागी नेईल म्हणावे, तर तीही नाही, पश्चिमेस वांद्रे आणि पूर्वेस शीव ओलांडून दक्षिणेकडे येण्याची तिला मुभाच नाही.) त्याच वर्षी सहारचे नवे भव्य टर्मिनल उघडले. त्याच्याबरोबर आणखी काय उघडले? पश्चिम द्रुतगती मार्गावरून थेट टर्मिनलच्या दारात आणून सोडणारा, मोटारींचा उन्नत रस्ता. टर्मिनल आणि मोटारींचा रस्ता एका मुहूर्तावर. रुळांची वाट मात्र त्यानंतर दहा वर्षांनी. ह्याहून अधिक स्पष्ट कबुली कोणती हवी?

दहा वर्षांनी का होईना, ती वाट आली, आणि तिची स्तुती करावयास मी मुळीच संकोच करणार नाही. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत, मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत खुली झाली. साडेतेहतीस किलोमीटरांचा मार्ग, सत्तावीस स्थानके, सदतीस हजार कोटींहून अधिक खर्च. आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भाडे सत्तर रुपये. देशी व परदेशी अशा दोन्ही टर्मिनलांना तिची स्थानके मिळाली. सहारला गाडीत बसलेला मनुष्य दादरला, गिरगावात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरू शकतो. विशेष म्हणजे ही काही विमानवाल्यांसाठी वेगळी काढलेली गाडी नव्हे. मरोळचा कारकून, वरळीची शिक्षिका आणि न्यूयॉर्कहून उतरलेला व्यापारी एकाच डब्यात उभे असतात.

मग भांडण कशाचे, असे कोणी विचारील. भांडण घड्याळाचे आहे. सबंध मार्ग खुला झाला तेव्हा टोकाच्या स्थानकांवरून शेवटची गाडी रात्री साडेदहास सुटेल असे वेळापत्रक ठरले. आणि मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी विमाने बहुतांशी सुटतात ती मध्यरात्रीनंतर, एक ते चारच्या दरम्यान. ती लंडन-फ्रँकफुर्टला सकाळी पोचावीत, तेथून पुढची विमाने मिळावीत, आणि युरोपातील विमानतळांवरील रात्रीच्या बंदीशीही त्यांची गाठ पडू नये, अशा हिशेबाने त्यांच्या वेळा बसविलेल्या आहेत. त्या मुंबईच्या सोयीने बदलणार नाहीत. आखातातून परतणारी विमानेही पुष्कळशी रात्रीच उतरतात. म्हणजे ज्या वेळी उतारू सर्वांत थकलेला, सामानाने वाकलेला आणि शहराविषयी सर्वांत साशंक असतो, नेमक्या त्याच वेळी सदतीस हजार कोटींची गाडी कुलुपात झोपलेली असते. रात्री दोन वाजता टर्मिनलच्या बाहेर पडलेल्या कोकणी तरुणास मेट्रो झाली ह्याचा उपयोग एवढाच, की तिच्या स्थानकाचे फलक त्यास टॅक्सीच्या खिडकीतून वाचता येतात.

भुयारातील रूळ व तारा तपासावयास रात्रीचे काही तास लागतात, हे मला मान्य आहे. लंडनची भुयारी रेल्वेही एरवी रात्री विसावा घेते. हीथ्रोकडे जाणारी पिकॅडिली शाखा शुक्रवार व शनिवार एवढ्या दोनच रात्री चालते. परंतु इतर रात्री लंडनने उतारूस वाऱ्यावर सोडलेले नाही. हीथ्रोपासून शहराच्या मध्यापर्यंत रात्रीची बस धावते, तिला क्रमांक आहे, थांबे आहेत, आणि तिचे तिकीट शहरातील कोणत्याही बसच्या तिकिटाहून वेगळे नाही. हाँगकाँगच्या विमानतळावरूनही रात्रीच्या बसगाड्या सुटतात. बस ही वस्तू साधी, तिच्या उद्घाटनास फीत बांधावयाची तर ती बसच्या दारालाच बांधावी लागेल. कदाचित म्हणूनच तिचे नाव कोणी काढीत नसावे.

येथे सामानाची सबब पुढे येते. इतके ओझे घेऊन गाडीत कोण चढेल? हा आक्षेप जे घेतात त्यांनी आपल्याच शहराकडे नीट पाहिलेले नाही. मुंबईच्या लोकलगाडीला मालडबा असतो. त्यातून कोळणींच्या टोपल्या जातात, भाजीचे हारे जातात, डबेवाल्यांच्या लाकडी चौकटी जातात, आणि तेही कार्यालयांच्या ऐन गर्दीच्या वेळी. जे शहर शंभर वर्षे मासळीची टोपली आगगाडीने नेत आले त्याला लाडूंची बॅग नेता येणार नाही, हे मला पटत नाही. शिवाय हाँगकाँगने १९९८ पासून शहरातल्या स्थानकातच बॅगा विमान-कंपनीच्या स्वाधीन करण्याची सोय केली, आणि दिल्लीनेही नवी दिल्ली स्थानकावर तसे करून दाखविले. सामान ही अडचण खरी. पण ती गाडीविरुद्धचा युक्तिवाद नव्हे, गाडी नीट बांधण्याचा युक्तिवाद आहे.

उलट बाजूने एक निराळाच मोह डोके वर काढतो, तोही सांगितला पाहिजे. रेल्वे हवी म्हटले की आमच्या नियोजनकारांच्या डोळ्यांपुढे लगेच एखादी बाणासारखी सुटणारी, महागडी, आरशासारखी चकचकीत ‘एक्स्प्रेस’ उभी राहते. शांघायने अशी एक गाडी केली. चुंबकाच्या जोरावर तरंगणारी ती गाडी विमानतळापासूनचे तीस किलोमीटर आठ मिनिटांत तोडते, आणि उतारूस शहराच्या मध्यावर नव्हे, तर पूर्वेकडील एका उपनगरी स्थानकावर सोडून देते. तेथून साध्या मेट्रोत बसून बिचाऱ्याने पुढे जावयाचे. लंडनची हीथ्रो एक्स्प्रेस १९९८ पासून पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला पोचविते. पण ज्याला पॅडिंग्टनला काही काम नाही त्याने तेथे काय करावे? २०२२ साली एलिझाबेथ लाइन निघाली. ती हीथ्रोपासून शहराच्या थेट पोटातून आरपार जाते, मधल्या स्थानकांवर थांबते आणि भाडे पुष्कळ कमी घेते. विशेष गाडीने जे केले नव्हते ते ह्या साध्या गाडीने केले. दिल्लीची विमानतळ-मेट्रो २०११ साली खाजगी कंपनीच्या हाती सुरू झाली; पुढच्याच वर्षी बांधकामातील दोषांमुळे काही महिने बंद पडली, आणि २०१३ साली सरकारी मेट्रोने ती ताब्यात घेतली. पुढे भाडी उतरविल्यावर उतारू वाढले. विमानतळ हे शहराच्या सामान्य मार्गावरील एक स्थानक असावे, निराळा दिमाखाचा दरवाजा नसावा, हे मुंबईच्या भुयारी मेट्रोने नकळत का होईना बरोबर ओळखले आहे. ते तसेच राहू द्यावे.

कारण आता खरा प्रश्न नव्या विमानतळाचा आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. त्या दिवशी मुंबईच्या मध्यवस्तीतून निघून त्याच्या दारात थांबणारी एकही थेट आगगाडी नव्हती. दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो नकाशावरील रंगीत रेघेच्या रूपात होती. उरणकडे जाणारी उपनगरी रेल्वे जवळून जाते खरी, पण तीसाठी नेरूळला किंवा बेलापूरला गाडी बदलावयास हवी. नवी मुंबईची स्वतःची मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ती बेलापूरहून पेंधरला जाते, विमानतळास जात नाही. मात्र मोटारींसाठी शिवडीहून खाडी ओलांडणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्येच सज्ज झाला होता. जवळजवळ बावीस किलोमीटरांचा तो पूल आमच्या अभियंत्यांस भूषणावह आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्यावर दुचाकीस आणि रिक्षास बंदी, आणि तो खुला झाला तेव्हा मोटारीस एका फेरीचा टोल अडीचशे रुपये. सहारला २०१४ साली जे घडले तेच पनवेलच्या खाडीकाठी पुन्हा घडले. मोटार आधी पोचली.

पूल आहे तर गाडी कशाला, असे म्हणणाऱ्यांनी थोडे गणित करावे. नव्या विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षास दोन कोटी उतारूंची; म्हणजे दिवसास सुमारे पंचावन्न हजार. दोन माणसांस एक मोटार धरली तरी रोज सत्तावीस हजारांहून अधिक खेपा, आणि त्यात कामगार, पोचवावयास आलेले आप्त, रिकाम्या परतणाऱ्या टॅक्सी ह्यांचा हिशेब नाही. पुढे सर्व टप्पे पुरे होऊन नऊ कोटी उतारू येऊ लागले म्हणजे हाच आकडा सव्वा लाखाच्या घरात जातो. एवढ्या मोटारी पुलावर मावतील असे क्षणभर समजू. त्या शिवडीला उतरल्यावर कोठे मावणार आहेत? परळच्या आणि दादरच्या गल्ल्या काही पुलाबरोबर रुंद झालेल्या नाहीत. भुयारी मेट्रोच्या आठ डब्यांच्या एका गाडीत अडीच हजारांवर माणसे जातात.

हे भविष्य नव्हे, परदेशांत घडून गेलेला इतिहास आहे. तोक्योचा नारिता विमानतळ शहरापासून साठ किलोमीटरांवर १९७८ साली उघडला. त्याच्यासाठी योजिलेली वेगवान रेल्वे बारगळली, आणि टर्मिनलच्या पोटात आगगाडी शिरावयास १९९१ साल उजाडले. मधली तेरा वर्षे लोक अलीकडच्या स्थानकात उतरून बसने जात होते. कॅनडातील माँट्रिऑल शहराची कथा ह्याहून करुण आहे. तेथील मिराबेल विमानतळासाठी शेतकऱ्यांची अफाट जमीन घेण्यात आली आणि १९७५ साली तो मोठ्या थाटाने सुरू झाला. शहरापासून पन्नास-एक किलोमीटर दूर. त्यापर्यंत न्यावयाची रेल्वे कधीच झाली नाही. इतरही कारणे होती. पण ज्या विमानतळावर जाणेच नकोसे वाटते तेथे लोक जात नाहीत, आणि उतारू नाहीत तेथे विमाने राहत नाहीत. २००४ साली शेवटचे प्रवासी विमान तेथून उडाले, आणि पुढे दहा वर्षांनी टर्मिनलची इमारत पाडावयास घेतली. ह्याच्या उलट हाँगकाँगने समुद्रात भराव घालून नवा विमानतळ केला, आणि ६ जुलै १९९८ रोजी, ज्या दिवशी तेथील प्रवासी वाहतूक सुरू झाली त्याच दिवशी विमानतळाची आगगाडीही सुरू केली. ही दूरदृष्टीही काही आजची नाही. बर्लिनच्या टेंपेलहोफ विमानतळापाशी भुयारी रेल्वेचे स्थानक १९२७ सालीच झाले होते, आणि लंडनजवळील गॅटविक येथे १९३६ साली उतारू रेल्वेच्या फलाटावरून भुयारी वाटेने, पावसाचा थेंब अंगावर न घेता विमानाच्या इमारतीत जात असे. त्या काळी विमानाने जाणारे खरोखरच श्रीमंत होते. तरीही त्यांच्यासाठी आगगाडीच योग्य मानली गेली, हे आमच्या बैठकीतील मंडळींनी ध्यानात घ्यावे.

नव्या विमानतळासाठी उलवे परिसरातील दहा गावे उठली. त्या घरांतील मुले उद्या तेथे नोकरीस लागतील, तेव्हा पुनर्वसनाच्या वसाहतीतून पहाटेच्या पाळीस त्यांनी कसे पोचावे, ह्याचे उत्तर अटल सेतूजवळ नाही. ज्यांच्या शेतावर धावपट्टी झाली त्यांनीच तिच्याकडे जावयास वाहन शोधीत फिरावे, हे मला लाजिरवाणे वाटते.

म्हणून मागणे असे आहे. सहार आणि नवी मुंबई ह्या दोन्ही विमानतळांवरून दिवसरात्र, विशेषतः रात्री अकरा ते पहाटे सहा, ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या बसगाड्या असाव्यात. दादर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ठाणे, कल्याण, बोरिवली, पनवेल अशी त्यांची ठिकाणे दाराशीच मराठीत व इंग्रजीत लिहिलेली असावीत, आणि भाडे त्यांच्याखाली छापलेले असावे. अटल सेतूवर ह्या बसगाड्यांना टोल नसावा. मेट्रोच्या एका डब्यात बाके काढून सामानास जागा करावी, आणि शेवटच्या गाडीची वेळ पुढे ढकलता येईल तितकी ढकलावी. आणि मुख्य गोष्ट ही, की नवी मुंबईचे पुढचे टर्मिनल, मुंबईहून त्याच्या दाराशी रूळ पोचेपर्यंत, उघडण्यास परवानगी देऊ नये. कागदावरील रेघ ह्या कामी मोजू नये.

पैसा कोठून आणावयाचा, हा शेवटचा आक्षेप. तर विमानाच्या तिकिटात विमानतळाच्या विकासशुल्काची रक्कम प्रत्येक उतारूकडून आधीच कापून घेतली जाते. बॅगेत लाडू नेणाऱ्या सासूबाईंकडून आणि उसन्या पैशाने निघालेल्या कोकणी तरुणाकडूनही. त्या पैशाचे टर्मिनलांचे छत होते, सरकते जिने होतात. त्यातूनच रात्री दोन वाजता सुटणारी एक बस का होऊ शकत नाही, आणि नियम आड येत असेल तर तो का बदलत नाही, हे आम्ही विमानतळ चालविणाऱ्यांना आणि शासनाला लेखी विचारावे. तिकीट काढताना ते शुल्क भरणारे आम्हीच आहोत.